कोणी नसताना

वाऱ्याचा वेग शून्य. पुढच्या तासाला शून्य, त्याच्या पुढच्या तासालाही शून्य. ग्रीनलँडच्या हिमस्तराच्या उतारावर उभ्या असलेल्या एखाद्या स्वयंचलित हवामान केंद्राच्या नोंदी वाचताना अशी शून्यांची रांग लागली, की मी थांबते. त्या उतारावर वारा सहसा पडत नाही. बर्फाला चिकटून असलेली हवा गार होते, जड होते आणि उताराने खाली समुद्राकडे वाहू लागते. हिवाळ्यात हा ओघ दिवसचे दिवस चालू असतो. म्हणून तिथल्या शून्याचा अर्थ बहुधा वारा थांबला असा नसतो; वारा मोजणारा पंखा गोठला, असा असतो. धुक्यातले अतिगार थेंब त्याच्यावर आदळतात, तिथल्या तिथे गोठतात, पांढरा थर चढत जातो आणि पंखा जखडला जातो. पुढे कधीतरी जोराचं वादळ येतं किंवा ऊन वर येतं, थर गळून पडतो आणि आकडे पुन्हा हलायला लागतात. मला त्या क्षणी मनापासून बरं वाटतं. कधी डोळ्यांनी न पाहिलेलं, फार दूरचं एक यंत्र मोकळं झालं, एवढंच त्याचं कारण.

या नोंदी कुणालाही पाहता येतात. डेन्मार्क आणि ग्रीनलँड यांची भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्था २००७ पासून ‘प्रॉमिस’ नावाच्या प्रकल्पाखाली हिमस्तराच्या कडेकडेने अशी केंद्रं उभारत आली आहे, आणि त्यांची आकडेवारी सर्वांना खुली आहे. मी हवामानशास्त्रज्ञ नाही. ग्रीनलँडमध्ये इतका बर्फ आहे की तो सगळा वितळला तर जगभरच्या समुद्राची पातळी सात मीटरांहून अधिक वाढेल, हे वाचलं तेव्हा पहिल्यांदा मनात आलं, की हे मोजतं कोण? त्या प्रश्नामागे जाताना मी या केंद्रांपाशी येऊन पोचले, आणि मग तिथेच रेंगाळले.

केंद्र म्हणजे धातूची एक तिपाई. तिला एक आडवी दांडी आणि त्या दांडीवर थोडी उपकरणं. ही तिपाई बर्फात रोवलेली नसते, नुसती ठेवलेली असते. रोवली असती तर उन्हाळ्यात खालचा बर्फ वितळून ती हवेत उंच उघडी पडली असती आणि एक दिवस आडवी झाली असती. नुसती ठेवल्यामुळे बर्फ जसजसा खाली जातो तसतशी तीही खाली जाते, आणि उपकरणांची पृष्ठभागापासूनची उंची साधारण तीच राहते. मग बर्फ किती खाली गेला हे कसं कळणार? त्यासाठी जी युक्ती योजली आहे ती मला फार आवडते. बर्फात खोल भोक पाडून त्यात न गोठणाऱ्या द्रवाने भरलेली एक नळी सोडतात. नळीच्या तळाशी दाब मोजणारं उपकरण असतं. वरचा बर्फ वितळला की नळीचा तेवढा भाग भोकातून उघडा पडतो आणि पृष्ठभागावर आडवा होतो. तळावर उभा असलेला द्रवाचा स्तंभ तितका बुटका होतो, त्याचा दाब घटतो. दाब किती घटला यावरून किती बर्फ गेला ते समजतं. पंप नाही, मोटर नाही, हलणारा एकही भाग नाही. दक्षिण ग्रीनलँडच्या सखल कडेला एका उन्हाळ्यात कित्येक मीटर बर्फ जातो आणि ही नळी ते सगळं नुसत्या दाबातून सांगत राहते.

जोडीला ध्वनीचा मापक असतो. तो खाली ध्वनीचा एक ठोका सोडतो आणि प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागला ते मोजतो. त्यावरून ताज्या हिमाची जाडी कळते. पण ध्वनीचा वेग हवेच्या तापमानावर अवलंबून असतो. म्हणजे अंतर नीट कळायला तापमान नीट कळायला हवं, आणि तापमान मोजण्यातही खोच आहे. वरून ऊन, खालून बर्फावरून परावर्तित झालेलं ऊन, आणि वारा मंद, अशा वेळी तापमापकाच्या भोवतीचं आवरणच तापतं आणि हवा आहे त्यापेक्षा उबदार असल्याची नोंद होते. म्हणून आत छोटा पंखा बसवून हवा ओढून घेतात. पंख्याला वीज लागते. वीज सौर पॅनलची, आणि ध्रुवीय हिवाळ्यात सूर्यच उगवत नाही, त्यामुळे सगळी भिस्त बॅटरीवर. एक आकडा धरायला गेलं की त्याच्या मागून दुसरा, दुसऱ्याच्या मागून तिसरा असे सगळे एकमेकांत गुंतलेले हाती येतात. शिवाय बर्फ सगळीकडे सारखा वितळत नाही, तिपाई कलते, सूर्यप्रकाश मोजणारं उपकरण तिरकं होतं. म्हणून केंद्रात कल मोजणारंही एक उपकरण असतं, म्हणजे यंत्र स्वतः किती वाकलंय हेही लिहून पाठवतं. कोल्हे तारा कुरतडतात. हिमवादळात वाऱ्यासोबत आडवं उडणारं हिम पर्जन्यमापकाच्या तोंडात पडतच नाही, आणि जेवढं आलं त्यापेक्षा कमी नोंदलं जातं.

हे सगळं समजून घेताना माझी एक समजूत बदलली. यंत्राचा आकडा म्हणजे निर्विवाद, असं मी मानत होते. आता मला वाटतं, की यंत्र कुठे कुठे फसू शकतं याची पक्की माहिती असणारा माणूस मागे असेल तरच त्या आकड्याला वजन येतं. या क्षेत्रातली माणसं एकेका तासाच्या नोंदीवर शंका घेत बसतात. मला त्या शंकेबद्दल अतिशय आदर आहे.

यंत्रं नव्हती तेव्हा हे काम माणसं करत होती, आणि त्याची किंमत भयंकर होती. कार्ल वायप्रेख्त हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या नौदलातला अधिकारी. १८७२ ते १८७४ या काळात त्याचं जहाज बर्फात अडकून वाहत गेलं, आणि त्या मोहिमेला फ्रान्झ योसेफ लँड ही बेटं सापडली. परत आल्यावर नवी भूमी शोधल्याचा मिरवण्यासारखा मान त्याच्याकडे होता. पण १८७५ मध्ये त्याने मांडणी केली ती वेगळीच: ध्रुवाकडे कोण आधी पोचतो ही चढाओढ शास्त्राच्या फार कामाची नाही, अनेक देशांनी ध्रुवाभोवती ठिकठिकाणी केंद्रं उभारून, एकाच काळात, एकाच पद्धतीने नोंदी घ्याव्यात. त्यातून पहिलं आंतरराष्ट्रीय ध्रुवीय वर्ष उभं राहिलं, १८८२-८३. बारा देश सहभागी झाले. वायप्रेख्त १८८१ मध्येच गेला, त्याला ते पाहायला मिळालं नाही. या सगळ्या इतिहासातला मला सर्वांत जवळचा वाटणारा माणूस तोच आहे. एकाच जागची एकच नोंद फारशी बोलत नाही, अनेक जागांच्या एकाच वेळच्या नोंदी बोलतात, हे त्याला उपग्रहांच्या कितीतरी आधी कळलं होतं.

त्या वर्षासाठी अमेरिकेने अ‍ॅडॉल्फस ग्रीली यांच्या नेतृत्वाखाली २५ जणांना एल्समियर बेटाच्या उत्तरेला, लेडी फ्रँकलिन उपसागराकाठी पाठवलं. त्यांनी तिथे हवेच्या, चुंबकत्वाच्या, भरती-ओहोटीच्या नोंदी घेतल्या. १८८२ मध्ये रसद घेऊन येणारं जहाज पोचलं नाही, १८८३ मध्येही पोचलं नाही. ते दक्षिणेकडे निघाले आणि सेबाइन भूशिराजवळ अडकले. १८८४ च्या जूनमध्ये मदत पोचली तेव्हा बहुतेक जण उपासमारीने गेले होते. घरी जिवंत पोचले सहा. नोंदवह्या मात्र वाचल्या. त्या काळातलं आर्क्टिक कसं होतं हे आज ताडून पाहायचं झालं, तर ज्या थोड्या नोंदींकडे वळावं लागतं त्यांत या वह्या आहेत. हे वाचताना माझं मन दोन्हीकडे ओढलं जातं. त्या आकड्यांचं मोल मला कळतं, आणि एवढ्या मोलाने ते कुणी मिळवायला नको होते असंही वाटतं.

१९३० मध्ये आल्फ्रेड वेगेनर यांच्या मोहिमेने ग्रीनलँडच्या हिमस्तराच्या मधोमध, सुमारे ३००० मीटर उंचीवर ‘आइसमिट्टे’ हे केंद्र थाटलं. भूखंडं सरकतात असं सांगणारे तेच वेगेनर. हिवाळ्यापुरती पुरेशी रसद आत पोचली नव्हती, म्हणून ते स्वतः कुत्र्यांच्या घसरगाड्या घेऊन निघाले. ३० ऑक्टोबरला फ्रिट्झ लोवे आणि ग्रीनलँडचे रासमुस व्हिलुमसेन यांच्यासह पोचले. लोवे यांच्या पायाची बोटं हिमदंशाने गेली होती; ती पुढे तिथेच खिशातल्या चाकूने कापावी लागली. १ नोव्हेंबरला, आपल्या पन्नासाव्या वाढदिवशी, वेगेनर व्हिलुमसेनना घेऊन परत निघाले. दोघेही वाटेत गेले. वेगेनर यांचा देह पुढच्या वर्षी सापडला, व्हिलुमसेन यांचा कधीच नाही. आइसमिट्टेत मागे राहिले गेओर्गी, सोर्गे आणि जायबंदी लोवे. बर्फात खणलेल्या खोलीत त्यांनी तो हिवाळा काढला आणि नोंदी चालू ठेवल्या.

तिपाईवर उभं असलेलं यंत्र हे या माणसांच्या जागी उभं आहे, असं मी मानते. ते गोठलं तर कुणाचा जीव जात नाही.

याचा आणखी एक उगम युद्धात आहे, तोही सांगायला हवा. दुसऱ्या महायुद्धात उत्तरेकडचं हवामान ज्याला आधी कळे त्याला युरोपातल्या हालचाली ठरवणं सोपं जाई. २२ ऑक्टोबर १९४३ रोजी यू-५३७ ही जर्मन पाणबुडी कॅनडाच्या लॅब्राडोर किनाऱ्याला गुपचूप लागली आणि तिने तिथे एक स्वयंचलित हवामान केंद्र उभं केलं. डब्यांवर कॅनडाच्या नावाची खोटी खूण. तापमान, हवेचा दाब आणि वारा यांचे आकडे ते केंद्र दर काही तासांनी रेडिओवरून पाठवी. थोड्याच काळात ते बंद पडलं. तिथे असं काही आहे हे कॅनडाला कळलं ते थेट १९८१ मध्ये. आज ते ओटावाच्या युद्ध संग्रहालयात आहे. एकमेकांपासून हवामान लपवण्यासाठी जे तंत्र वापरलं गेलं, तेच आज हवामान सगळ्यांना खुलं करण्यासाठी वापरलं जातं, याचं मला समाधान आहे.

आकडा लिहून ठेवला आणि कुणी वाचलाच नाही, असंही होतं. ग्रीनलँडच्या हिमस्तराच्या माथ्याजवळ, ३१०५ मीटर उंचीवर, क्लिंक नावाच्या जागी नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला एक स्वयंचलित केंद्र दोन वर्षं उभं होतं. २२ डिसेंबर १९९१ रोजी त्याने उणे ६९.६ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं. उत्तर गोलार्धात तोवर सर्वांत थंड मानली जात होती ती सैबेरियातल्या व्हर्खोयान्स्क आणि ओयम्याकोन इथली नोंद, उणे ६७.८ अंश. म्हणजे विक्रम मोडला होता आणि जगाला त्याची वार्ताही नव्हती. केंद्र तिथून काढलं, तपासलं आणि पुढे अंटार्क्टिकाला कामाला पाठवलं. हवामानाच्या इतिहासात शोध घेणाऱ्यांनी जुने दप्तर धुंडाळलं, उपकरणाचे तपशील पडताळले, आणि जागतिक हवामान संघटनेने तो आकडा अधिकृत ठरवला २०२० मध्ये. जवळजवळ २९ वर्षांनी. विक्रमापेक्षा मला इथे महत्त्वाचं वाटतं ते हे, की त्या केंद्राची देखभाल आणि तपासणी कशी झाली याचे कागद कुणीतरी जपून ठेवले होते. ते नसते तर तो आकडा नुसती एक अफवा राहिला असता.

आता जिथे यंत्रालाही नीट उभं राहता येत नाही, तिथे येऊ. हिमनदी जिथे समुद्रात उतरते तिथे तिचा शेवट म्हणजे बर्फाचा एक उभा कडा. पाण्यावर कित्येक मीटर उंच, पाण्याखाली शेकडो मीटर खोल. त्या कड्यापासून बर्फ सुटतो आणि हिमनग होतो. कधी वरचा पापुद्रा ढासळतो, कधी पाण्याखाली सुटलेला तुकडा उसळी मारून वर येतो, आणि ग्रीनलँडच्या मोठ्या हिमनद्यांत कधी संपूर्ण जाडीचा तुकडा एकदम सुटून उलटतो. कड्याची मागची बाजू भेगांनी चिरलेली, त्यामुळे तिथे माणसाने जाणं धोक्याचं. समोरून बोटीने जावं तर कडा कधी ढासळेल याचा नेम नाही. पश्चिम ग्रीनलँडमध्ये एकिप सर्मिया या हिमनदीचा कडा २ जुलै २०१४ रोजी कोसळला तेव्हा उठलेल्या लाटेची सुरुवातीची उंची ४५ ते ५० मीटर होती. हे कळलं, कारण समोरच्या तीरावर त्या वेळी मापन चालू होतं.

हा बर्फ का सुटतो, याची कारणं बरीच माहीत आहेत. वाहताना बर्फ ताणला जातो आणि फाटतो. उन्हाळ्यात वितळलेलं पाणी भेगांत भरतं आणि त्या खोल नेतं. खालून समुद्राचं कोमट पाणी कडा पोखरतं. इलुलिसात शहराजवळच्या सर्मेक कुयालेक या हिमनदीपाशी १९९७ च्या सुमाराला अटलांटिकचं उबदार पाणी पोचलं, त्यानंतर काही वर्षांत तिचा तरंगता पुढचा भाग तुटून गेला आणि तिचा वेग वाढला. २०१२ च्या उन्हाळ्यात ती दिवसाला ४० मीटरांहून अधिक वेगाने वाहत होती. पण कारणं माहीत असणं वेगळं, आणि हा विशिष्ट तुकडा या विशिष्ट दिवशी का सुटला हे सांगता येणं वेगळं. त्यासाठी तुकडा सुटतानाचा क्षण मोजलेला हवा. उपग्रह ठरावीक दिवसांनी डोक्यावरून जातो, कोसळण्याचं काम काही मिनिटांत उरकतं. उपग्रह आहेत तर जमिनीवरची ही यातायात कशाला, असं म्हणणाऱ्यांशी माझा मतभेद आहे तो इथेच.

म्हणून कड्यासमोरच्या पक्क्या खडकावर कॅमेरे लावतात. छायाचित्रकार जेम्स बॅलोग यांनी २००७ पासून ‘एक्स्ट्रीम आइस सर्व्हे’ या उपक्रमात ठरावीक वेळाने आपोआप चित्र घेणारे कॅमेरे ग्रीनलँड, आइसलँड, अलास्का इथे लावले. त्यांच्याच सहकाऱ्यांनी २८ मे २००८ रोजी इलुलिसातजवळ, सुमारे ७५ मिनिटं चाललेली प्रचंड कोसळण चित्रित केली. त्यांच्या हिशोबाने तेव्हा ७.४ घन किलोमीटर बर्फ सुटला. ती दृश्यं जगभर पाहिली गेली. मीही पाहिली, आणि श्वास रोखून पाहिली. तरी माझा ओढा राहिला तो वर्षभर एकाच जागी टिचून उभ्या असलेल्या कॅमेऱ्याच्या चित्रांकडे. त्यांतली निम्मी निरुपयोगी असतात: धुकं, काचेवर हिम, रात्र. उरलेल्यांत कडा आज किती पुढे आणि उद्या किती मागे, हे चित्रातल्या बिंदूंवरून मोजता येतं. मात्र घड्याळ बिनचूक हवं. वेळ चुकली तर चित्र कितीही स्पष्ट असो, भरतीशी, पावसाशी, भूकंपमापकाच्या नोंदीशी ते जुळवता येत नाही.

कॅमेरा अंधारात आंधळा. तिथे जमिनीवरचा रडार कामाला येतो. तो काही मिनिटांच्या अंतराने कड्याचा वेग मोजतो आणि धुकं, रात्र यांनी अडत नाही. आग्नेय ग्रीनलँडमधल्या हेलहाइम हिमनदीसमोर तर दर काही तासांनी कड्याचं मोजमाप घेणारा लेसरही खडकावर बसवला गेला आहे.

पण या साऱ्यांत मला थक्क करून सोडलं ते भूकंपमापकांनी. २००३ मध्ये ग्योरान एकस्ट्रॉम, मेरेडिथ नेटल्स आणि जेफ्री एबर्स यांनी दाखवून दिलं, की जगभरच्या भूकंपमापकांवर पाचच्या आसपास तीव्रतेचे असे भूकंप नोंदले गेलेले आहेत जे नेहमीच्या पद्धतीत निसटले होते. साध्या भूकंपाचा धक्का झटक्यात येतो. यांच्या लाटा संथ, एकेक हेलकावा कित्येक सेकंदांचा. आणि उगम ग्रीनलँडच्या हिमनद्यांपाशी, तोही उन्हाळ्यात जास्त. नोंदी वर्षानुवर्षं दप्तरात होत्या, कानाला तो स्वर ओळखीचा नव्हता. बर्फ नेमकं काय करतो म्हणून पृथ्वी अशी हलते?

उत्तर मिळायला हिमनदीवरच उपकरणं ठेवावी लागली. २०१३ च्या उन्हाळ्यात स्वान्सी विद्यापीठाच्या टॅव्ही मरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेलहाइमच्या कड्याजवळ, भेगांच्या त्या रानात, जीपीएस उपकरणांचं जाळं पसरलं. ही उपकरणं कड्याबरोबर समुद्रात जाणार हे धरूनच चालायचं होतं. म्हणून प्रत्येक उपकरण आपली जागा रेडिओवरून खडकावरच्या ठाण्याला कळवत राहायचं. उपकरण बुडालं तरी तोवरची नोंद हाती राहावी. त्यांतून जे दिसलं ते असं: हिमनदी एरवी दिवसाला वीस मीटरांहून अधिक वेगाने समुद्राकडे जाते. मोठा, पूर्ण जाडीचा तुकडा सुटून उलटायला लागला की तो उलटताना मागच्या कड्याला रेटतो, आणि हिमनदीचं तोंड काही मिनिटं चक्क उलट दिशेने, डोंगराकडे सरकतं. त्याच वेळी उलटणाऱ्या हिमनगाच्या मागे पाण्याचा दाब कमी होऊन ते तोंड खालीही ओढलं जातं. या रेट्याने आणि ओढीने पृथ्वीत लाटा जातात. २०१५ मध्ये हे प्रसिद्ध झालं. त्यानंतर जुन्या भूकंपनोंदींचाही अर्थ लागू लागला. शेकडो मीटर जाडीची नदी, काही मिनिटं मागे जाते! हे कुणी डोळ्यांनी पाहून सांगितलं असतं तर विश्वास ठेवणं कठीण होतं.

पाण्याखालीही कान लावलेले आहेत. नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्वालबार्ड बेटांवर, हॉर्नसुंड इथे १९५७ मध्ये उभारलेलं पोलंडचं ध्रुवीय केंद्र आहे. तिथे हान्सब्रीन हिमनदीसमोर पाण्यात ध्वनिग्राहक सोडून ओस्कार ग्लोवात्स्की, ग्रँट डीन आणि इतरांनी आवाजावरून कोसळण्याचे प्रकार वेगळे ओळखता येतात हे दाखवलं आहे. वरून पडलेला बर्फ, सरकत उतरलेला बर्फ, पाण्याखालून सुटलेला बर्फ, प्रत्येकाचा आवाज निराळा. आणि काहीच कोसळत नसतानाही तिथलं पाणी शांत नसतं. हिमनदीच्या बर्फात फार जुनी हवा दाबाखाली कोंडलेली असते. बर्फ वितळला की तिचे बुडबुडे फुटत बाहेर पडतात. अशा फ्योर्डांत, म्हणजे डोंगरांमध्ये शिरलेल्या समुद्राच्या अरुंद खाड्यांत, या अगणित बुडबुड्यांचा मिळून जो आवाज होतो, त्याने ते महासागरातल्या सर्वांत गजबजलेल्या जागांत मोडतात. मी त्याची ध्वनिमुद्रणं ऐकली आहेत. तडतडणाऱ्या फोडणीसारखा तो आवाज, खाली कुठेतरी घुमणारी गडगड, आणि पुन्हा तडतड. शेकडो, हजारो वर्षांपूर्वी पडलेल्या हिमात अडकलेली हवा सुटतानाचा आवाज आहे हा, हे एकदा माहीत झालं की तो मध्येच बंद करवत नाही.

जवळच्या यंत्राला जे जमत नाही ते दूरची यंत्रं मिळून करतात, याचं मला माहीत असलेलं सर्वांत मोठं उदाहरण १६ सप्टेंबर २०२३ चं. त्या दिवसापासून जगभरच्या भूकंपमापकांवर दर ९० सेकंदांनी एक, असा एकसुरी हेलकावा उमटू लागला आणि नऊ दिवस उमटत राहिला. कुणालाच कळेना हे काय. अनेक देशांतल्या शास्त्रज्ञांनी एकत्र येऊन उलगडा केला तो २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. पूर्व ग्रीनलँडमधल्या डिक्सन फ्योर्डमध्ये एक डोंगरकडा कोसळला होता. त्याच्या पायथ्याची हिमनदी वर्षानुवर्षं पातळ होत गेली होती, आधार सुटला होता. अडीच कोटी घनमीटर खडक आणि बर्फ पाण्यात आला, २०० मीटर उंचीची लाट उठली, आणि त्या अरुंद फ्योर्डात पाणी या काठावरून त्या काठावर दिवसेंदिवस डुचमळत राहिलं. दूरवरच्या एला बेटावरच्या तळाचं नुकसान झालं, पण त्या वेळी तिथे कुणी नव्हतं. एवढी मोठी घटना, आणि प्रत्यक्ष पाहणारा माणूस एकही नाही.

उलटही घडतं, माणसं असतात आणि उपकरण नसतं. १४ ऑगस्ट २०२१ रोजी हिमस्तराच्या माथ्यावरच्या समिट केंद्रावर, ३२१६ मीटर उंचीवर, कित्येक तास पाऊस पडला. तिथे पाऊस पडल्याची ही पहिलीच नोंद. किती पडला हे मोजायला पर्जन्यमापक नव्हता, कारण तिथे पाऊस पडेल असं कुणी धरलंच नव्हतं. ही बातमी वाचली तेव्हा मला जेवढी काळजी वाटली तेवढी कुठल्याही कोसळत्या कड्याच्या चित्राने वाटली नव्हती.

भारताचाही या कामात वाटा आहे. स्वालबार्डच्या न्यू-ऑलसुंड इथे जुलै २००८ मध्ये ‘हिमाद्री’ हे भारतीय संशोधन केंद्र सुरू झालं, आणि जुलै २०१४ मध्ये जवळच्या काँग्सफ्योर्डात ‘इंडआर्क’ ही वेधशाळा पाण्याखाली नांगरली गेली. एकाच दोरावर वेगवेगळ्या खोलीला बांधलेली उपकरणं पाण्याचं तापमान, क्षारता, प्रवाह नोंदत राहतात. फ्योर्डात हिमनद्यांचं गोडं पाणी किती येतं आणि अटलांटिकचं कोमट पाणी कधी शिरतं, हे त्यातून दिसतं. त्या वस्तीत वाय-फाय आणि ब्लूटूथ वापरायला मनाई आहे, तिथल्या संवेदनशील रेडिओ उपकरणांना त्रास होऊ नये म्हणून. ऐकण्यासाठी आख्खं गाव गप्प राहतं, ही गोष्ट मला मनापासून आवडते.

या साऱ्यातल्या एका माणसाबद्दल लिहिल्याशिवाय मला हा लेख पुरा करता येणार नाही. कोनराड स्टेफन हे स्वित्झर्लंडचे हिमशास्त्रज्ञ. १९९० मध्ये त्यांनी पश्चिम ग्रीनलँडच्या हिमस्तरावर ‘स्विस कॅम्प’ थाटला आणि १९९५ पासून हिमस्तरभर स्वयंचलित केंद्रांचं एक जाळं उभारलं. दरवर्षी जायचं, गाडले गेलेले खांब खणून काढायचे, ते उंच करायचे, बॅटऱ्या आणि मापक बदलायचे, वर्षभराच्या नोंदी उतरवून घ्यायच्या. कॅम्प उभारला तेव्हा ती जागा अशी निवडली होती, की तिथे वर्षभरात पडणारं हिम आणि वितळणारा बर्फ साधारण सारखा असावा. पुढच्या वर्षांत तिथे वितळणं इतकं वाढलं, की कॅम्पच्या खालचा बर्फ जाऊन त्याचे पाय उघडे पडले आणि तो पुन्हा पुन्हा उभारावा लागला. ८ ऑगस्ट २०२० रोजी स्टेफन यांचा स्विस कॅम्पजवळच बर्फाच्या भेगेत पडून मृत्यू झाला.

त्यांच्या मागे ते जाळं बंद पडलं असतं तर नवल नव्हतं. एका माणसाच्या चिकाटीवर उभ्या असलेल्या गोष्टींचं पुष्कळदा तसंच होतं. पण डेन्मार्क आणि ग्रीनलँडच्या त्याच सर्वेक्षण संस्थेने ती केंद्रं आपल्याकडे घेतली आणि नव्या बनावटीची केंद्रं उभारायला सुरुवात केली. तेवढ्यावर न थांबता नव्वदीच्या दशकापासूनच्या जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या: कुठे मापक हिमाखाली होता, कुठे उंची चुकीची लिहिली गेली, कुठे पंखा गोठला. संशयास्पद आकडे बाजूला काढले आणि दुरुस्त केलेला सगळा संग्रह २०२३ मध्ये खुला केला. या कामाची बातमी होत नाही. तरीही ग्रीनलँडसंबंधी गेल्या काही वर्षांत झालेल्या कामांत मी ते फार वरचं मानते, कारण आज हिमस्तराबद्दल जे जे म्हटलं जातं ते पडताळायला त्याच नोंदींपाशी यावं लागतं.

मी सध्या स्विस कॅम्पच्या नोंदी पहिल्या वर्षापासून वाचते आहे. सावकाश वाचते, उन्हाळ्यातले शून्य अंशावर गेलेले तास वेगळे लिहून ठेवते. अजून २००० सालापर्यंतही पोचलेले नाही.